फळीवरची मोटर

प्रिय धाकट्या,

सहा वर्षं आपल्यात बोलणं नाही, तेव्हा खुशाली विचारायचं नाटक करत नाही. टायरवाल्याकडून कळतं, तू अजून स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा असतोस. वायरिंगचं काम तुला कुणी देत नाही. का देत नाही, ते मला ठाऊक आहे.

मंगळवारी डॉक्टरांची ती राखाडी गाडी गॅरेजात आली. आता ती एका शिक्षिकाबाईंनी घेतली आहे. बाई ठेंगण्या. बटणावर सरकणारी सीट पार पुढे घेतली आणि तिथंच अडकली. बटण दाबलं की नुसतं टिक, मोटर गप्प. "माझं भागतंय हो, पण आमच्या ह्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागतात," बाई हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. डॉक्टरही असेच घडी घातल्यासारखे बसून आले होते, आठवतं?

कार्पेट भिजलं म्हणून ती सीट आपण काढली होती. परत बसवताना वायरी मी बांधल्या, बोल्ट तू आवळलेस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या घरी गाडी धुताना कुणी सीट पुढे घेतली आणि ती अडकली. मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, ह्या दीडशहाण्यानं बोल्ट वाकडे आवळून मोटर जाळली. तू म्हणालास, "दादा, मोटरपर्यंत करंट येतोय का ते तरी बघ. नाहीतर थेट बॅटरीला लाव, दोन मिनिटांचं काम आहे." तू सोडवलेली मोटर मी तुझ्या हातातून हिसकावली. ज्याला पक्कड धरायला मी शिकवलं, तो मला शिकवणार? नवी मोटर बसवली, सीट चालली, माझंच खरं ठरलं. जुनी दर्शनी फळीवर ठेवली आणि येईल त्याला दाखवत राहिलो, ही धाकट्यानं जाळलेली. आठवड्यात तू गॅरेज सोडून गेलास. पुढे आईच्या आजारपणात आपण एकाच बाकावर बसलो, तर पाण्याची बाटलीसुद्धा तू मला नर्सच्या हातून दिलीस. तेही मी विसरलेलो नाही.

ह्या वेळी दोष द्यायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून वाकलो. टेस्ट लॅम्प लावला. गाडीच्या तळाशी असलेल्या कनेक्टरला दिवा लागला, मोटरकडे लागला नाही. वायरींचा जुडगा रुळाच्या मागच्या बोल्टला चार बोटं आखूड बांधलेला. सीट पार पुढे गेली की ताण बसायचा. काळ्या वायरचं कातडं शाबूत, आतली तार तुटलेली. ताण सैल झाला की टोकं टेकायची आणि मोटर फिरायची. नवी मोटर बसवताना सीट हातानं मागे ढकलली होती, ती चालली ती त्यामुळं. डॉक्टर उंच, त्यानंतर सीट कायम मागे, म्हणून सहा वर्षं झाकलं गेलं. जुडगा मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधला होता, तीन वेढे आणि वर आडवी गाठ. प्लास्टिकच्या पट्ट्या मी वापरत नाही. आणि ती गाठ मी कुणाला शिकवली नाही, तुलासुद्धा नाही.

मग फळीवरची मोटर उतरवली, धूळ पुसली, बॅटरीला लावली. पहिल्या झटक्यात फिरली.

तुझाही राग येतो. एवढी खात्री होती, तर माझ्या हातातून परत का नाही ओढून घेतलीस? तिथंही दादाचा मान राखायला निघालास.

बाईंनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, "वायर जुनी झाली होती." म्हणजे अजूनही माझी जीभ वळत नाही, आणि ती वळेल असं मला वाटत नाही. म्हणून बोल्ट कुठला, वायर कुठली, गाठ कुणाची, सगळं लिहून काढलं. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर अक्षर कोरून काढलं, कुणालाही वाचता यावं असं. मोटर सोबत पाठवतोय. हे पत्र घडी घालून खिशात ठेवू नकोस. काउंटरवर मोटरीशेजारी ठेव, आणि येईल त्याला दाखव.

तुझाच,
गाठ बांधणारा दादा