डेल्मरच्या करवतीचा पट्टा

प्रिय डेल्मर,

हे पत्र सावकाश आणि शेवटपर्यंत ऐक. चर्चमध्ये मिटतोस तसे मधेच डोळे मिटायचे नाहीत. इकडे तळ्यावरचा बर्फ काठापासून सुटलाय, तुझ्या गॅरेजच्या छपरावरून दिवसभर पाणी ठिबकतंय आणि तुझ्या आर्डिसनं मंगळवारी मला ताटलीभर खजुराच्या वड्या दिल्या. त्या अजून तशाच झाकून ठेवल्या आहेत. का, ते पुढे येईल.

गॅरेजातली तुझी ती मोटरवर चालणारी टेबलाची करवत विकायची हे तुला ठाऊक आहेच. आर्डिसनं तुला विचारलं तेव्हा मी तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, आणि तू मान हलवलीस. घराला पायऱ्या फार, तुझी चाकांची खुर्ची वर जाणार कशी? म्हणून घर विकायचं, तू आता आहेस त्या उपचार केंद्राजवळ तळमजल्यावर जागा घ्यायची, आणि त्याआधी गॅरेज रिकामं करायचं. तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं, की करवत तेवढी नीट चालती करून दे.

चालू केली तर नुसती धडधड. तुला अर्धांगाचा झटका आल्यापासून सबंध हिवाळा ती कुणी चालवली नव्हती, त्यामुळे मोटरवरून पातं फिरवणाऱ्या पट्ट्यानं पुल्यांचा बाक धरला होता. त्यावरचा मापाचा नंबर केव्हाच पुसून गेलेला. मी आपला जुना पट्टा मोजला आणि तेवढ्याच मापाचा नवा घेऊन आलो. हस, हस. जुना पट्टा ताणून लांबलेला असतो, माप घ्यायचं ते पुल्यांभोवती दोरी धरून, हे तू मला किती वेळा ऐकवलं असशील. पट्टा सैल पडून त्यावर टांगलेली मोटर इतकी खाली लोंबली की मलाच लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला दोरी धरली, लांबी जमली, तर रुंदी चुकली. पट्टा पुलीच्या खाचेत पार तळाशी जाऊन बसला आणि लाकूड लावलं की घसरायला लागला. तुझं बोलणं आठवलं: "वर्लिन, पट्टा कडांनी धरतो रे. बुड टेकलं की तो नुसता बसून पगार खातो."

शेवटी तुला न आवडणारा तो लाल पट्टा आणला, सुट्या कड्या एकमेकींत अडकवून हवा तेवढा लांब करायचा तो. तू त्याला पोरांचं खेळणं म्हणायचास. डेल्मर, त्या खेळण्यावर करवत अशी चालली की ती थरथरते का हे पाहायला मी तुझ्यासारखं पाच सेंटचं नाणं तिच्या टेबलावर कडेवर उभं केलं, आणि ते उभंच राहिलं. तुझ्या हाताखालीसुद्धा ते इतका वेळ कधी राहिलं नव्हतं. मला रडू आलं, सरळच सांगतो.

मंगळवारी ओ क्लेअर शहरातून एक गिऱ्हाईक यायचं होतं. तो यायच्या आधी मी एकटाच गॅरेजमध्ये गेलो, लाल पट्टा काढून जॅकेटच्या खिशात कोंबला आणि जुना, बाक आलेला पट्टा पुन्हा चढवला.

माणूस भला होता. बायकोसाठी स्वयंपाकघरातली कपाटं स्वतः करायची म्हणत होता. त्यानं बटण दाबलं, धडधड ऐकली, तरी आशेनं खिशातलं नाणं काढून टेबलावर उभं केलं. ते पडलं आणि घरंगळत खाली गेलं. आर्डिसनं गुडघ्यावर बसून भुशातून ते शोधलं आणि पुसून त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बेअरिंग गेली असावीत, खर्चाचं काम आहे. तो आभार मानून निघून गेला.

आर्डिस दारात उभी राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होती. मग मला म्हणाली, "बरं झालं तू होतास, वर्लिन. नाहीतर मी त्या बिचाऱ्याच्या गळ्यात मोडकं यंत्र बांधलं असतं." आणि वड्यांची ताटली माझ्या हातात दिली. तेवढ्यावर थांबली असती तरी निभलं असतं. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासळीच्या जेवणाला तिनं अख्ख्या टेबलाला सांगितलं, की वर्लिनसारखा प्रामाणिक शेजारी मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घालून कोबीचं सॅलड चिवडत बसलो.

मी स्वतःला सांगितलं, हे डेल्मरसाठी केलं. त्याचा उजवा हात सुधारेल, तो परत येईल, तेव्हा करवत जागेवर असायला हवी. खोटं आहे ते. तू मान हलवलीस ती मी पाहिली होती. हे मी माझ्यासाठी केलं. माझी लोरेन देवाघरी गेल्यापासून शनिवारी सकाळी मला जायला दुसरी जागाच नाही, आणि माझा कॉफीचा कप आजही तुझ्याच गॅरेजातल्या खिळ्याला टांगलाय. करवत गेली की तो कप कुठे न्यायचा, एवढ्या क्षुद्र काळजीपायी मी तुमचं जाणं अडवलं. मला स्वतःची लाज वाटते.

हे आर्डिसच्या तोंडावर सांगायला मी दोनदा तुमच्या पायऱ्या चढलो आणि दोनदा हवामानाबद्दल बोलून उतरलो. मग आठवलं, की तुला आता अक्षरं जुळवता येत नाहीत आणि तुझी सगळी पत्रं तीच मोठ्यानं वाचून दाखवते. तेव्हा आर्डिस, आता तुला कळलं. बेअरिंग धडधाकट आहेत. लाल पट्टा मी परत चढवलाय, नाणं उभं राहतंय, आणि त्या माणसाचा नंबर अजून तुझ्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. त्याला फोन कर, किंवा मला सांग, मी करतो आणि खोटं मी बोललो होतो हेही त्याला सांगतो. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर माझा कप तेवढा बाहेर पायरीवर ठेव, मी समजेन. आणि डेल्मर, ती वाचता वाचता गप्प झाली असेल, तर तुझा चालता हात तिच्या हातावर ठेव.

तुम्हा दोघांचाच,
वर्लिन