व्हायोलिनच्या मानेतली पाचर

आप्पा, त्या व्हायोलिनची मान तुम्ही बिघडवलीत हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या तोंडावर बोललेही होते, पण तुम्ही मला लाकूड चिकटवायचा सरस तापवायला सांगितलंत. आता माझे हातही तुमच्या शेवटच्या दिवसांतल्या हातांसारखे दिसायला लागले आहेत. कोणी मध्ये बोलणारं नाही, म्हणून आज सगळं सलग लिहिते आहे.

तुम्ही मूळचे दारंखिडक्या करणारे सुतार. तरुणपणी मुंबईत एका वाद्यांच्या दुकानात राबून व्हायोलिन करायला शिकलात, आणि आई गेल्यावर इकडे पालघरजवळच्या माहीमला आपल्या पडवीत मला शिकवलंत. चुकलं की पोलादी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचात आणि म्हणायचात, "रडतेस काय? लाकूड रडतंय काय?" तरी हात बसला माझा. मान बसवायचं काम तर तुम्ही हळूहळू माझ्यावरच टाकलंत, कारण तुमची नजर मंदावत चालली होती. ते आपल्या दोघांनाच माहीत होतं.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मिरजेकडचा एक तरुण तिथे नकाशे काढायच्या नोकरीवर आला होता आणि बोईसरला खोली घेऊन राहायचा. आपल्याकडून नेलेलं व्हायोलिन तो ऐन पावसाळ्यात परत घेऊन आला. मान पुढे झुकून तारा बोटं दाबायच्या काळ्या पट्टीपासून उंच उठल्या होत्या, दाबून दाबून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. तुम्ही ते माझ्यापुढे सरकवलंत. मी पातं गरम पाण्यात बुडवून सांध्यात सारलं, मान सोडवली, ती बसते त्या खाचेचा तळ तासायला घेतला. थोडं तासायचं, मान नुसती बसवायची, वर पोलादी पट्टी ठेवून तिचं टोक तारा पेलणाऱ्या घोडीच्या किती उंचीवर लागतं ते बघायचं, की पुन्हा काढायची. घाई केली तर मान जास्त मागे जाते आणि मग लाकूड परत चिकटवता येत नाही. मी घाई केली नाही. तो रविवारी यायचा, स्टुलावर बसून बघायचा. एका रविवारी म्हणाला, "गणपती झाले की आईला घेऊन येतो, तुमच्या वडिलांशी बोलायला." तुम्ही आत सुपारी कातरत होता. तुमचा अडकित्ता थांबलेला मला ऐकू आला.

मी मान चिकटवली, सुतळीने आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "शिरगावला जा, आत्याला बरं नाय." मी गेले, तर आत्या ठणठणीत, कोयता घेऊन वाडीत निघालेली. "मला काय झालाय? कोनी सांगितला तुला?" मी परत आले तोवर तुम्ही व्हायोलिन त्याच्या हवाली करून मोकळे झाला होता.

बोईसरला कामगारांच्या गणपतीत त्याचं वादन होतं. मला जायचं नव्हतं, लाज वाटत होती. तुम्हीच म्हणालात, "चल, तुझं काम ऐकू या." मांडवात तुम्ही मला पहिल्या रांगेत बसवता. त्याची आई मिरजेहून आली आहे, ती पलीकडे बसली आहे, माझ्याकडे बघून हसते. तो वाजवायला लागतो. थोड्या वेळाने सूर खाली उतरतात, तो खुंटी पिळतो, पुन्हा उतरतात, पुन्हा पिळतो. मग कट्‌ असा आवाज होतो आणि मान सुटून तारांना लोंबकळते. मागून कोणी तरी ओरडतं, "अरे, गर्दन टूट गई!" सगळा मांडव हसतो. तो मान खाली घालून बसलेला. आणि तुम्ही उठता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "पोरीच्या हातचं हाय ते. मी नको म्हनत होतो." त्याची आई हसायची थांबते.

तुकडे तुम्हीच घरी आणलेत. तेवढी एक चूक केलीत. मी खाचेत बघितलं तर तळाशी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची पाचर, आणि सरस पाण्यासारखा पातळ. तुमच्या पटाशीच्या धारेला एक खोच होती, तिची रेघ त्या पाचरीवर स्वच्छ उमटली होती.

"आप्पा, ही तुमी घातलीत."

तुम्ही पाचर हातातही घेतली नाहीत. "तो काय आता येत नाय," म्हणालात. "सरस तापव. पालघरचं काम पडलंय."

मी पाचर काढून टाकली, मान पुन्हा बसवली आणि व्हायोलिन घेऊन एसटीने बोईसरला गेले. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "वडिलांबद्दल असं बोलू नये." मी निघाले तेव्हा त्याने विचारलं, "आता नक्की टिकेल ना हे?" मी हो म्हटलं.

पुढे तुमचे हात थरथरायला लागले. सगळी व्हायोलिनं मीच करत होते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तुम्ही हसत हसत म्हणायचात, "पोरीला अजून मान बसवता येत नाय." मी चहा आणून द्यायचे. कुठे जाणार होते?

तुमच्या दहाव्याला माहीमच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली उतरत नव्हते. आत्या माझ्या कानाशी लागली, "बोल गो. धंदा चालू ठेवीन म्हनून सांग. त्याचा जीव त्यातच अडाकलाय." चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "ताई, एवढं बोल, ऊन चढतंय." मला फक्त तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी समुद्राकडे बघत उभी राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे पाय धुवायला गेले.

लोक म्हणाले, धक्का बसलाय पोरीला, वाचाच गेली. मी त्यांना तसं समजू दिलं. हा कागदही कोणाच्या हाती जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. घरी येऊन मी वालाचं बिरडं आणि भात दोनदा वाढून घेतला. किती तरी वर्षांत इतकी भूक लागली नव्हती.