साल नको, तीन आकडे

मी, रेचल एलियाह अष्टमकर, वय एकसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार रोहा, माझी इच्छा लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. थकले आहे ते शरीर. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांना समजावून मीच दमले.

१. रोह्याचे घर मुलगी शीरा हिला. मात्र इंदुबाई हयात असेपर्यंत खालच्या खोलीत राहतील. माझ्या आजारपणात त्यांनीच सगळे केले.

२. दीर मोझेस यांना माझे दिवंगत पती एलियाह यांची आरामखुर्ची. मी संगणक घेतला तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, या वयात हे काय खूळ?" आता निवांत बसून विचार करावा.

३. पेणच्या गणपती कारखान्यांसाठीचा ऑर्डरींचा प्रोग्राम माझ्या नावावर आहे. तो शीरा आणि कारखान्यांतले काम बघणारा निलेश यांना निम्मा-निम्मा. शीराने तो आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला. मी शेजारी तांदूळ निवडत असे. ते दिवस फार आठवतात. आता ती इस्रायलहून बदल पाठवते. निलेश दर पंधरवड्याला कारखान्यांत नवी फ्लॉपी घालतो आणि कारागिरांचे म्हणणे तिच्यापर्यंत पोचवतो.

व्हर्जनला सालाचा आकडा द्यायचा, हे शीराचे ठरलेले. शहाण्णवच्या ऑक्टोबरात निलेश '९६'ची दुरुस्त फ्लॉपी घेऊन गेला, तर कारखानदार कमळाकर म्हणाले, "९६चे गणपती गेले पण. जुनी कशाला आणलीस? ९७ची आली का ये." पेणला गणपती गेले की पुढचे साल लागते. निलेशने परोपरीने सांगितले, पण त्यांनी ती घातली नाही, आणि '९७' पुढच्या गणपतींपर्यंत पुरी झालीच नाही. जुन्या फ्लॉपीत एकाच नावाच्या दोन गिऱ्हाइकांची ऑर्डर एक होत असे. पुढच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी वडखळचे कुटुंब पाट घेऊन आले, आणि त्यांची मूर्ती घडलीच नव्हती.

शीरा फोनवर म्हणाली, "त्यांना दुरुस्ती कळत नाही, त्याला मी काय करू?"

निलेश म्हणाला, "ताई, त्या घरच्या पोरांसमोर मी उभा होतो. तुमी नाय."

तेव्हापासून त्यांचा अबोला आहे. कामाचे निरोप माझ्यामार्फत जातात. मी गेल्यावर ते कोण पोचवणार?

४. म्हणून मालक या नात्याने ठरवते: आकड्यात साल नको. टिंबांनी वेगळे केलेले तीन आकडे असावेत. नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा वाढवावा. नवी सोय आली, पण जुने सारे पूर्वीसारखे चालते, तर मधला वाढवून शेवटचा शून्य करावा. जुन्या नोंदी नव्यात उघडणार नसतील तरच पहिला वाढवावा, आणि पुढचे दोन्ही शून्य. आजच्या प्रोग्रामला १.०.० म्हणावे. शीरा म्हणेल, अजून पुरा झालेला नाही. बाळा, लोक त्यावर विसंबून आहेत, एवढे पुरे.

शेवटचे दोन आकडे निलेशने कोणाला न विचारता वाढवावेत. पहिला मात्र दोघांच्या संमतीशिवाय बदलू नये. ही संमती पत्राने किंवा ई-मेलने चालणार नाही. एकमेकांशी बोलूनच घ्यावी.

५. इस्रायलचा फोन महाग पडतो, हे मला ठाऊक आहे. पोस्टातली माझी सर्व ठेव त्यासाठी ठेवली आहे.

वाचून, समजून सही केली.

रेचल एलियाह अष्टमकर
रोहा, दि. ८ फेब्रुवारी १९९८

आमच्यासमोर सही झाली:
१. रूबेन पेणकर, पेण
२. गोदूबाई म्हात्रे, रोहा