खातूनची तिसरी ओळ

१२ फेब्रु. १९६५, शुक्र. देरा, दुबई
काल शारजाच्या छावणीत, साहेबांच्या क्लबात गायलो. घाण. एकाने जळती सिगारेट गिटारच्या भोकात टाकली, बाकीचे हसले. पंचवीस वर्षं बोटीवर, आठ इथे, आणि म्हातारपणी हे.
लेकीला, खातूनला, गाण्याच्या टेपचं स्पूल पाठवून तीन महिने. तिच्या दिराने इथून टेप वाजवायचं मशीन नेलंय, म्हणजे ऐकलं असणार. तिची आई गेल्यापासून चार वर्षं पोर माझ्याशी बोलत नाही. आईवरचं गाणं ऐकून तरी... स्पूल हरवलं असेल?

३ मार्च, बुध.
उत्तर आलं! पुतण्या बशीरने बंदरावरून स्पूल आणलं. लावलं. आत लग्नघर. बायका टाळ्या पिटून माझंच गाणं म्हणतायत. मयताचं गाणं हळदीला! किळस आली. बंद करवलं. जेवलो नाही.

४ मार्च, गुरु.
बशीर म्हणाला, "चाचा, पुढे ऐका तरी. खातून आहे."
ऐकलं. गाण्याची रीत बोटीवरच्या काळ्या अमेरिकन स्वयंपाक्याची. एक ओळ दोनदा, तिसरीत उत्तर. माझं असं:
दर्या मोठा होता गो, मी पोचलो नाही (दोनदा)
तुझ्या मातीला माझा हात लागला नाही
पहिली तिने तशीच ठेवली. तिसरी स्वतःची:
तार पोचली होती, बाबा, तू निघाला नाहीस
बायका खो-खो हसल्या. एक ओरडली, "अगो, परत म्हण!"

७ मार्च, रवि.
बशीरला विचारलं, तिला कोणी सांगितलं? मी तर लिहिलं होतं, तार उशिरा मिळाली.
"मीच. तार मीच तुमच्या हातात दिली होती, चाचा. खिशात घातलीत आणि क्लबात गेलात."
हरामखोर. पण खरं. तारेत खातूनने 'आई आजारी, निघून ये' एवढंच लिहिलं होतं. क्लबात मला ठेवायचं की काढायचं, ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. म्हटलं, होईल बरी. चार दिवस गायलो. पाचव्या दिवशी दुसरी तार, आई गेल्याची.
माझीच मला शिसारी येते.

१२ मार्च, शुक्र.
काल क्लबात खातूनची ओळ म्हटली. मुद्दाम, तिच्याच शब्दांत. साहेब टेबलं बडवायला लागले. "वन्स मोअर!" परत म्हटली. आवाज जरासुद्धा कापला नाही. तिथे कोणाच्या बापाला मराठी कळतं! थू.
आज दुपारी खातूनला उत्तर भरायला बशीरने मशीन लावलं. स्पूल न्यायला उद्या बोट. पहिल्या ओळीत 'दर्या मोठा' म्हटलं आणि तोंड उघडेना. खोटी ओळ तिच्यासमोर कशी म्हणायची? स्पूल फिरत राहिलं. नुसता खोकलो.
"चाचा, पुसू का?"
म्हटलं, थांब. आहे तसंच जाऊ दे.