जांभळ्या बुडख्याचं भात

प्रिय आत्याबाई,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच, पण कागदावर आज पहिल्यांदा लिहितेय. कारण मी घाबरलेय. सुनेनं घाबरल्यावर सासूकडं नाही जायचं, तर कुणाकडं?

सकाळी उत्रोलीच्या आपल्या खाचरात गेले होते. भात कापणीला आलंय. एक ओंबी सहज मुठीत धरली, तर दाणे तळहातावर गळून पडले. शेजारच्या रोपाचेही तसेच. खाली बघितलं तर चिखलात दाण्यांचा सडा! हे आपलं भात नव्हतं, देवभात होतं. न पेरता उगवणारं आणि पिकलं की झडून जाणारं. पण बुडखा जांभळा, आपल्या भातासारखा!

हे जांभळं बियाणं तुम्हीच ना माहेराहून आणलं होतं? रोपं लहान असताना भात कुठलं आणि देवभात कुठलं, काही कळत नाही. म्हणून तुमची युक्ती. आपलं जांभळं, रानातलं हिरवं. तण भांगलायला बसलो की तुम्ही एकच सांगायचा, "हिरवं दिसलं की उपट. इचार करीत बसू नको." केवढं मिरवायचा तुम्ही ते शेत! गावची कुठलीही लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत हेच भात घालायचा.

मनीषालाही घातलंत. तुमची नात आता वेल्ह्याकडं नांदतेय. शेतकीचं शिकलेली पोर, म्हणून मी तिलाच फोन लावला. तर तिच्या शेतातही तेच! मी विचारलं, या गवताला रंग बदलायला शिकवलं कुणी?

"कुणीच न्हाई, आई," ती म्हणाली. "दोन्ही भातांचा संकर झाला. त्यातली हिरवी रोपं आपण उपटली, जांभळी वळखू आली न्हाईत. तीच झडली, तीच परत उगवली, काही दाणे बियाण्यातबी मिसळले. दरसाल आपणच निवडत आलो."

मग तिनं विचारलं, शेताजवळ देवभात होतं का कुठं? ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून बांधालगत तुम्ही देवभाताचं एक बेट राखायचा. बाकी सगळं उपटायला लावलंत, तेवढंच का हो ठेवलंत?

मला झोप लागायची नाही आता. त्या गवताला ना डोळे, ना डोकं. आपल्या डोळ्यांतून सुटलं ते वाढलं, एवढंच. आपण जितकं मन लावून भांगललं, तितकं ते आपल्या भातासारखं होत गेलं. आणि तुमच्या ओटीचं बी कुठं कुठं गेलंय! वेल्ह्याला, सारोळ्याला, आणखी किती गावांना. दिवाळीनंतर शेजारच्या सखूची लेक नांदायला जाईल. सखूनं आत्ताच सांगून ठेवलंय, "तुझ्या सासूचंच बी पायजे."

शब्द देते, आत्याबाई. यंदा आपल्या शेतातला एकही दाणा बियाण्याला धरणार नाही. तुमचं बी माझ्या हातानं बंद होईल. जिथं जिथं ते गेलंय, त्या प्रत्येक घरी जाऊन मी सांगेन. लोक तोंडावर बोलतील, कुणी दारातूनच परत पाठवतील. पण ही भेसळ कुणामुळं झाली, असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव घेणार नाही. माझं सांगेन.

तुमची सून,
शालन