ओंजळीतला अग्नी

प्रिय दादा,

बाबांचा विषय निघाला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. एवढं पुरतं वाच.

इथे नोव्हाय गावात मेपलची झाडं लाल व्हायला लागलीत. सकाळी तळ्यावर धुकं असतं, त्यातून रानबदकं रांगेनं उडतात आणि आई बाकावरून मान वर करून बघत राहते. एकाहत्तरपासून बघतेच आहे म्हणा. युद्धावर गेलेलं बाबांचं विमान परत आलं नाही, देहही मिळाला नाही. तिनं कुंकू पुसलं नाही, तू श्राद्ध करू दिलं नाहीस. मला तर बाबा आठवतही नाहीत.

तळ्यावर रियाजकाका भेटतात, लाहोरचे रिटायर्ड डॉक्टर. आईची आणि त्यांची हिंदीतून गुडघ्यांची गाऱ्हाणी चालतात. परवा मी त्यांच्यापुढे डबा धरला, तर लाडू राहिला बाजूला, ते माझ्या, बाबांवर गेलेल्या वाकड्या करंगळीकडेच बघत बसले. मग हळूहळू बोलले. युद्धात ते फौजेत डॉक्टर होते. शेतात कोसळलेल्या विमानातून भारतीय पायलटला काढलं, तेव्हा प्राण नव्हता. छातीवरचं नाव जळालेलं. त्याला अंघोळ काकांनीच घातली, तेव्हा अशीच करंगळी पाहिलेली. साल, जागा, सगळं जुळतंय रे.

त्यांच्या साहेबांनी फौजी इतमामाचा हुकूम दिला. शत्रूच्याच जवानांनी खांदा दिला, बंदुकांची सलामी दिली. हिंदूला दहन लागतं हे काकांना ठाऊक होतं, पण ब्लॅकआउट होता, आग पेटवायला सक्त मनाई. पुरावंच लागलं. त्याआधी काकांनी वाकून ओंजळीच्या आडोशाला एक काडी पेटवली आणि विझेपर्यंत त्या तोंडाशी धरली. बोटं भाजली.

"बेटी, बस इतनी ही आग दे सका," म्हणाले.

मी ढसाढसा रडले. मलाही वडील होते, असं पहिल्यांदा वाटलं. आई रडली नाही. काकांच्या बोटांवरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे अग्नी मिळाला," एवढंच म्हणाली.

तू म्हणशील, वाकड्या करंगळ्या काय, छप्पन्न असतात. असतील. पण काल आईनं कुंकू लावलं नाही. सर्वपित्रीला श्राद्ध करायचं ठरवलंय, आणि बाबांच्या नावाच्या पानावर रियाजकाकांनीच जेवायला बसायचं, हा तिचा हट्ट. भटजी कुरकुरले, तिनं दाद दिली नाही. काकांनी हो म्हटलंय. आता राहिला मुलगा. क्युपर्टिनोहून यायला एक फ्लाइट पुरते. तू नाही आलास तर तर्पण मी करीन, त्याचं काही नाही. पण आईचे डोळे दाराकडे लागतील. तिला आता आणखी कुणाची वाट बघायला लावू नकोस.

तुझीच,
आसू