सोमवारची बॅटरी

प्रिय विनार्नो,

बटाटे काढून झाले. यंदा धुकं लवकर उतरतं, दुपारनंतर समोरचा डोंगर दिसत नाही. सिंबोक जेवते, झोपते, अंगणातल्या कोंबड्यांना शिव्या देते. तू रविवारी फोन करतोस तेव्हा आईची एवढीच खुशाली मी सांगते. आज ट्रकबद्दल लिहायचं आहे. तू म्हणाला होतास, जुना झाला, विकून टाक.

बापाक गेल्यापासून मीच तो चालवते. बाजारातले हमाल अजून वळून बघतात. पावसाळा संपल्यापासून दर सोमवारी तो मेलेला असायचा. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मागे कोबी भरलेला, बाजार थांबत नाही, मग गल्लीतल्या माणसांना हाका मारून धक्का. इतर दिवशी ठणठणीत. मी नवी बॅटरी घातली. सोमवारी तीही उतरली.

कांग तुकिरानला बोलावलं. आपल्या ट्रकच्या वायरी बापाकांच्या काळापासून तोच बघतो. म्हणाला, “सोमवारीच आजारी पडतो? लास्त्री, तुझा ट्रक सरकारी नोकरीत लागला की काय?” दिवसभर बॉनेटखाली होता. हॉर्न सोडवला, केबिनचा पंखा सोडवला, बापाकांनी हौसेनं लावलेले हिरवे दिवे सोडवले. विजेची गळती सापडेना. शेवटी त्यानं बॅटरीची एक तार काढली आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. “हा विझलेला असेल तर सगळं झोपलंय. पेटला तर समज कोणीतरी चोरून पितंय. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्यानं बल्ब विझेल, तो चोर.” बल्ब पेटला नाही. तो चहा प्यायला, तळलेला तेंपे संपवला आणि म्हणाला, “बल्ब राहू दे. बाजाराला निघताना काढ, परत आलीस की जोड, आणि येता-जाता बघ. नाहीतर सरळ सलामतान घाल, गावाला जेवू घाल, भूत असेल तर तेही जेवून जाईल.”

त्या हिरव्या दिव्यांवरून आठवलं. आपण चौघं पुढच्या सीटवर, तू माझ्या मांडीवर, पायाशी शिदोरी. क्लेदुंगच्या चढावर इंजिन तापायचं आणि थांबावं लागायचं. हातब्रेक कधीच नीट धरला नाही. बापाक ब्रेक दाबून ठेवत आणि सिंबोक त्यांच्या बाजूला सरकून आपला पाय तिथे आणी. “धर गं, माझ्या म्हशी,” असं म्हणत ते सीटखालचा काळा दगड घेऊन उतरत. ती म्हणायची, “म्हैस दमली तर रेडा दरीत जाईल, लवकर कर.” आपण हसायचो. तिचा पाय थरथरत असायचा, ते मला दिसायचं. मग मागून दगड सरकवल्याचा आवाज, ट्रक त्यावर टेकल्याचा छोटा धक्का, आणि बापाकांची हाक: “झालं, सोड आता.” त्या हाकेशिवाय तिनं पाय कधी उचलला नाही.

मागच्या रविवारी तुझा फोन झाल्यावर मी कोबीची पानं खुडायला बाहेर आले. सिंबोक आत निजली आहे असं मला वाटत होतं. बल्ब पेटला होता. मला आनंदच झाला, चोर सापडला म्हणून. फ्यूज उपसायला केबिनचं दार उघडलं. ती बापाकांच्या जागी बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. चप्पल गळून पडली होती. ब्रेकचा दिवा किल्लीशिवायही लागतो, विनार्नो. ट्रकची पाठ भिंतीकडे असते, म्हणून कधी दिसला नाही.

मी म्हटलं, सिंबोक, उतर. ती म्हणाली, “गप. तुझा बाप दगड घेऊन उतरलाय.” मी दगड काढला, चाकामागे ठेवला, ओरडून सांगितलं. म्हणाली, “तू नाही. त्याला म्हणू दे.” कांग तुकिरानला बोलावून आणलं, त्यानं आवाज जाड करून पाहिलं. ती म्हणाली, “तुकिरान, घसा बसलाय तुझा, आलं खा.” अंधार पडेस्तोवर ती तशीच होती. पाय आपोआप निसटला तेव्हा मी तिला उचलून आणली. घोटा अजून सुजलेला आहे. तिचं वय बघता पुढच्या वेळी काय होईल, सांगता येत नाही.

ईदला तू फोनवर बोलत होतास आणि तिनं मध्येच विचारलं, “दगड लावला का?” आठवतं? तू हसलास, लाइन खराब आहे म्हणालास. लाइन चांगली होती. तुझा आवाज आता हुबेहूब त्यांचा झाला आहे. तुला तिथे बाताम बेटावर कोण सांगणार? दर रविवारी फोनच्या स्पीकरवर ती तो आवाज ऐकते, फोन ठेवला की उठते, आणि बॅटरी सोमवारी उतरते. म्हणून हे फोनवर बोलले नाही, पत्र लिहिलं. फोन करू नकोस, असं मला लिहवत नाही. तू ये. बापाक गेले तेव्हा बोट मिळाली नाही, आता मिळते का बघ. फोनवरून सांगून भागणार नाही, टेकल्याचा धक्का तिच्या पायाला कळावा लागतो. दगड सीटखाली परत ठेवला आहे. चाकामागे तो तू लाव, आणि तिला सांग की सोड.

तुझीच,
लास्त्री